दाराजवळचं टेबल

आमच्यात घरी बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस. तो टेबलापाशी बसून काय करतोय हे कोणी विचारत नाही. घरी आहे ना? मग त्याला मेंढा निवडायला न्या, साखरपुड्याला बोलवा, दोन भावांचं भांडण मिटवायला मध्ये बसवा. माझे यजमान, दोरोनबेक, एकसष्टाव्या वर्षी घरी बसून नोकरी करायला लागले आणि आठवडाभरात आमच्या साऱ्या वसाहतीत बातमी पसरली, की दोरोनबेक आता मोकळा झाला.

त्या नोकरीचं मोल फक्त मला ठाऊक होतं. या माणसाने पस्तीस वर्षं सरकारी संस्थेत बसून कालवे आखले. चुय खोऱ्यात पाणी कुठून वळेल, किती उताराने जाईल, हे यांच्या पेन्सिलीने ठरायचं. मग एक दिवस संस्थेला कुलूप लागलं. पुढची चार वर्षं यांनी एका गोदामावर रखवालदारी केली. रखवालदारीला मी नावं ठेवत नाही. घामाची भाकरी कुठलीही गोडच. पण येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांच्या वहीच्या मागच्या पानांवर हे कालव्याचे दरवाजे काढत बसायचे, आणि वही संपली की मालक ती फेकून द्यायचा. ते मला बघवत नसे.

आमची लेक मेरिम सोलला असते. तिनेच शोधाशोध करून सीमेपलीकडच्या अल्माटीतल्या एका कंपनीशी गाठ घालून दिली. तरुण पोरांनी काढलेली कालव्यांची ड्रॉइंगं यांनी तपासायची, आणि रोज सकाळी अकराला पडद्यावर बैठक. तीन महिने पारखून बघणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. पहिल्या बैठकीच्या दिवशी यांनी स्वतःचा सदरा स्वतः इस्त्री केला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण इस्त्री कुठे ठेवतात हे त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

आणि बरोब्बर अकराला माझा भाऊ ओमुरकुल नारिनहून अर्धा मेंढा खांद्यावर टाकून दारात उभा!

आता भाऊ आला म्हणजे जेवणाचा दस्तरखान अंथरायला नको? अंथरला. भाऊ आला हे कळून शेजारचे दोघे आले. हे खिडकीशी कानाला यंत्र लावून बसलेले, मागे आम्ही मांस तोडतोय. ओमुरकुलला पडद्यावर चार चेहरे दिसले, तशी त्याने यांच्या खांद्यावरून मान आत घातली.

"काय रे पोरांनो, जेवलात का? या ना जेवायला!"

"ओमुरकुल, बाजूला हो. काम चाललंय."

"काम कसलं? टीव्हीशी तर बोलतायत! या रे या, पुष्कळ आहे!"

पडद्यावरची पोरं हसली. पण बैठक संपल्यावर त्यांचा तिथला साहेब मिरास, वय एकोणतीस, एकटा मागे थांबला. "आगा, राग मानू नका," तो म्हणाला. कझाख लोक वडीलधाऱ्याला आगा म्हणतात. "पण उद्यापासून एखादी शांत जागा बघाल का? वरचे लोक विचारत होते."

यांनी पडदा मिटला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले. मी आतून ओरडले, "अहो, मांस गार होतंय!" मलाही अक्कल कमीच.

मेरिमने फोनवर सांगितलं, "आई, शहरात भाड्याने टेबलं मिळतात. महिन्याचे पैसे भरायचे आणि तिथे जाऊन काम करायचं. कोवर्किंग म्हणतात."

"भाड्याचं टेबल? घरात टेबल असताना?"

"घरात मामा पण आहे ना."

मग जागा बघायचं ठरलं. यांना एकट्याला पाठवलं असतं तर पहिल्याच ठिकाणी मान डोलावून आले असते. हे म्हणजे असे, की चप्पल चावत असली तरी दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून विकत घेतील. म्हणून मीही निघाले. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. नुसत्या वासावरून बाटलीत काय आहे ते सांगते.

पहिली जागा फिलहार्मोनिया या गाण्याबजावण्याच्या सभागृहामागे, चौथ्या मजल्यावर. आत वीसएक पोरं, प्रत्येकाच्या कानावर झाकणं. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. एक मान वर झाली नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस समोर उभा आहे आणि पोरं ढिम्म!

"छान शांत आहे," हे कुजबुजले.

"शांत? स्मशानसुद्धा शांतच असतं. सलाम करायला यांची जीभ झिजते का? चला."

"झूरा, ते काम करतायत."

"चला म्हणते ना!"

दुसरी जागा त्सुम या मोठ्या दुकानाजवळच्या नव्या काचेच्या इमारतीत. तिथल्या बाईने आम्हाला छताला टांगलेला झोपाळा दाखवला, जमिनीवर पसरलेल्या उशांची पोती दाखवली, आणि इथे माणसाला कसं मोकळं मोकळं वाटतं ते सांगितलं. हे एका पोत्यावर बसले ते रुतलेच. मी एक हात धरला, त्या बाईने दुसरा, तेव्हा कुठे उठले. खाली येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र दोघेही इतके हसलो, की समोसा विकणारी बाई विचारायला लागली, काय झालं.

तिसरी जागा ओश बाजाराच्या वळणावर होती. खाली पडद्यांच्या कापडाचं दुकान, मग अंधारा दगडी जिना, वर एक लांबट खोली. रस्त्यावर मिनीबसवाले गळा फाडून ओरडत होते, पण खोलीच्या आतल्या टोकाला आवाज पोचत नव्हता. दार उघडलं आणि बघते तर काय, आठ-दहा पोरं खुर्च्या सरकवून ताडकन उभी!

"अस्सलाम अलैकुम, बायके! या, आत या!" कुतमान नावाचा मुलगा पुढे आला, जागा तोच सांभाळायचा. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्यात बायके म्हणतात. त्याने यांचा कोट काढून घेतला आणि थेट आत नेलं, अगदी शेवटच्या खिडकीशी, जिथे लाकडी आडोसा करून एकच टेबल ठेवलं होतं. "तोर तुमचाच, बायके."

तोर म्हणजे दारापासून सगळ्यात लांबची, मानाची जागा. तंबू असो, घर असो की हे भाड्याचं दुकान, जुनाजाणता माणूस तिथे बसतो आणि सगळ्यात धाकटा दाराशी, वाऱ्यात, चहा ओतायला. लगेच चहा आला. तोही रीतीप्रमाणे अर्धी वाटी. काठोकाठ भरून दिला असता तर मी तिथूनच परत फिरले असते. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे प्या आणि निघा. अर्धी म्हणजे बसा, अजून ओततो.

त्या टेबलावरून कुतमानने एक छोटं निवडुंग आणि रंगीत कप झटकन उचलून नेला. ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण मनात आलं ते इतकंच, की पोरगा आवराआवरीत चपळ आहे.

"हीच जागा," मी म्हणाले.

"पहिली जास्त शांत होती," हे म्हणाले.

"तिथे तुम्हाला कोण विचारत होतं? इथे बघा, मान कसा देतात!"

माझ्या या हट्टामागे काय होतं तेही सांगून टाकते. मी सून होऊन या घरात आले तेव्हा माझी जागा दाराशी होती. सासूबाई, चुलत सासवा, जावा सगळ्या आत, आणि मी डोक्याला रुमाल बांधून दारात किटली धरून. पाठीला वारा, हाताला चटके. तिथून एकेक माणूस सरकत आत पोचायला मला तीस वर्षं लागली. आणि हे चार वर्षं गोदामाच्या दाराशी बसलेले. एखाद्या खोलीत यांना पुन्हा तोर मिळाला, तर बायकोला काय वाटेल? माझा ऊर भरून आला होता.

पहिला आठवडा मजेत गेला. हे घरी येऊन गमती सांगायचे.

"आज एका पोराने नवीन ॲप काढलं, त्याला आशीर्वाद मागितला."

"मग?"

"मग काय, हात पसरले. देव बरकत देवो, लोकांच्या मोबाइलात शिरो, आणि शिरलं की बाहेर न निघो. सगळे ओमीन म्हणाले."

"अजून?"

"अजून दोघांचं भांडण. एकाला खिडकी उघडी हवी, एकाला बंद. अर्धा तास ऐकून घेतलं. एकाचे आजोबा तलासचे निघाले, माझ्या काकांबरोबर फौजेत होते."

मी खूश. रोज शेजारणीला सांगायचे, आमच्या यांना तिथे विचारल्याशिवाय पान हलत नाही. दुसऱ्या आठवड्यात यांचं बोलणं कमी झालं, जेवणही कमी झालं. एकदा यांचा फोन टेबलावर वाजला आणि मी वाचला. चौतीस वर्षांच्या बायकोला तेवढा हक्क असतो. मिरासचा निरोप होता: "आगा, दुसऱ्या कालव्याच्या सहा मोऱ्यांची तपासणी अजून आली नाही. काही अडचण आहे का? महिनाअखेर जवळ आलीय."

अडचण! आशीर्वाद देण्यात, भांडणं मिटवण्यात आणि अर्ध्या-अर्ध्या वाट्या चहा पिण्यात यांचा दिवस संपत होता. नाही कसं म्हणणार? पोरगं अदबीने हात छातीवर ठेवून उभं राहिलं की यांची जीभ उचलायची नाही. मी वाचलं ते यांना सांगितलं नाही. मनात मात्र पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी हे चष्मा घरी विसरून गेले. मी तो घेऊन निघाले. ऑक्टोबरचे तीन आठवडे सरलेले, पर्वतांवर बर्फ खाली उतरलेलं, जिन्यातला दगड नुसता बर्फाचा. पहिल्या वळणावर एक मुलगी पायरीवर बसली होती. पंचवीस-सव्वीसची, मांडीवर लॅपटॉप, कानाला यंत्र, बोटं लाल झालेली. तिचं बोलणं नुकतंच संपलं असावं. शेजारी पायरीवर एक निवडुंग आणि रंगीत कप.

मी थांबले. दगडावर बसलेली मुलगी दिसली आणि मी गप्प राहिले असं आजवर झालेलं नाही.

"मुली, थंड दगडावर बसू नये. पुढे मुलं होत नाहीत."

"हो, एजे," ती म्हणाली. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, आदराने. आणि तिथेच बसून राहिली.

"हो एजे काय? ऊठ. आत एवढी टेबलं आहेत, आणि इथे जिन्यात आळशासारखं काय बसायचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग कानातलं यंत्र काढून हातात घेतलं.

"एजे, माझंही टेबल आहे आत. खिडकीजवळचं. गेली दोन वर्षं मी त्याचे पैसे भरते. मला रोज अकराला परदेशातल्या लोकांशी बोलायचं असतं, आणि आडोसा फक्त तिथेच आहे. तिथे आता एक आजोबा बसतात."

"कुठले आजोबा?"

"आहेत एक. आले आणि सगळे उभे राहिले, आणि कुतमानने त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. मी त्या दिवशी रजेवर होते. आज नववा दिवस. कुतमान म्हणतो, तूच सांग. मी म्हणते, तू सांग. वडीलधाऱ्या माणसाला ऊठ म्हणून कोण सांगणार? म्हणून मी जिन्यात बसते. आणि तुम्ही मला आळशी म्हणा, चालेल. सगळ्यांनाच मला बोलता येतं. त्यांना मात्र कोणालाच बोलता येत नाही!"

शेवटचं वाक्य ती जरा मोठ्याने बोलली. जिन्यात आवाज घुमतो. वर दार उघडलं होतं आणि दारात हे उभे होते. चष्मा आला का बघायला आले असावेत.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती धडपडत उठली, कप कलंडला. "बायके, मी... माफ करा..."

यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा निवडुंगाकडे. आत गेले, बॅग भरली, कोट घातला, आणि खाली येऊन तिच्यापुढे थांबले. "मुली, नाव काय तुझं?"

"साइकाल."

"साइकाल, तुझी खुर्ची रिकामी आहे. जा, बस." आणि पुढे निघाले. मी मागोमाग.

दोन दिवस हे घराबाहेर पडले नाहीत. अकराची बैठक न्हाणीघरात बसून केली, नळ गळत होता तरी. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "गोदामाच्या मालकाला फोन करतो. जागा अजून रिकामी असेल."

"आणि मोऱ्या?"

"तुला कोणी सांगितलं मोऱ्यांचं?"

"सांगितलं कोणीतरी. विषय बदलू नका."

हे भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसले. "झूरा, नऊ दिवस. दहा माणसांना माहीत होतं आणि एकाने तोंड उघडलं नाही. ती पोरगी दगडावर बसली, आणि मी तिच्या खुर्चीत बसून लोकांना आशीर्वाद वाटत होतो. उद्या माझ्या तपासणीत चूक निघाली तर? तीही कोणी सांगणार नाही. आगा मोठे आहेत, असू दे म्हणतील. आणि तिकडे कुणाच्यातरी शेतात बांध फुटेल. असला मान घेऊन मी काय करू? त्यापेक्षा गोदाम बरं. तिथला मालक शिव्या तरी देतो."

मला रडू आलं. सरळ सांगते, मी रडले. कारण ती जागा मी निवडली होती. खुर्च्या सरकल्या, पोरं उभी राहिली, आणि मी भाळले. उचललेलं निवडुंग डोळ्यांनी बघूनही मला दिसलं नाही. पण रडताना माझं डोकं चालतं, ही माझी जुनी खोड आहे.

"एकाने सांगितलं की," मी नाक पुसत म्हणाले.

"काय?"

"एकीने. तोंडावर. भले मी कोण हे तिला माहीत नव्हतं, तुम्ही दारात आहात हे माहीत नव्हतं, पण बोलली ना? अख्ख्या शहरात तुम्हाला तेवढी एकच जागा आहे, जिथे एक माणूस तुम्हाला खरं सांगेल. आता दुसरीकडे जाऊन पुन्हा दहा मुके कशाला शोधायचे? तिथेच जा. तिच्या नजरेसमोर बसा."

यांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." म्हणजे पटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जायला लागले. आता गमती सांगत नसत. थकून यायचे, जेवायचे, कधी जेवता जेवता रुमालावर बोटाने कसला तरी उतार काढायचे. कुठे बसता, विचारलं, तर "आहे एक टेबल." तोर गेला हे मला कळत होतं. मधे कुठेतरी बसत असतील, मी मनाची समजूत घातली. आणि साइकालसाठी एक बसकर शिवायला घेतलं. ठिगळाठिगळांचं, आत लोकर भरलेलं, चांगलं जाड. पुन्हा कधी जिन्यात बसायची वेळ आली तर असावं. खरं म्हणजे माफी मागायची होती, आणि ती तोंडाने मागणं मला जमत नाही.

महिनाअखेरीला, ज्या दिवशी मिरास मोऱ्यांचा निकाल सांगणार होता, त्या दिवशी मला घरात राहवेना. कणकेचे बोरसोक तळले, गरम असतानाच कापडात बांधले, बसकर काखेत मारलं आणि गेले. अकराला पाच कमी. दार अर्धवट उघडं होतं. आत पाऊल टाकणार, तोच पायाशीच यांची खुर्ची!

दाराला लागून, अगदी उंबऱ्याशी. पाठीवर जिन्यातला वारा, म्हणून गळ्याला मफलर. टेबलाच्या एका कोपऱ्यात लॅपटॉप, दुसऱ्या कोपऱ्यात किटली आणि उलट्या घातलेल्या वाट्या. कुतमान आतून म्हणाला, "बायके, थोडा चहा?" आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा उठला, अर्धी वाटी चहा ओतला आणि त्या पोराला नेऊन दिला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो! हे काय? या पोरांना लाज नाही? तुम्हाला दारात बसवून चहा ओतायला—"

"झूरा," यांनी हात वर केला. "बैठक सुरू होतेय. बाहेर थांब."

"काय?"

"बाहेर थांब. काम चालू आहे."

चौतीस वर्षांत या माणसाने मला कधी थांब म्हटलं नव्हतं. मी बाहेर आले. जिन्यात उभी राहिले, गुडघे दुखायला लागले, मग वळणावरच्या त्याच पायरीवर बसले. दगड असा गार, की दोन मिनिटांत कंबर धरली. नऊ दिवस! मी तिला आळशी म्हणाले होते.

"एजे, थंड दगडावर बसू नये."

साइकाल वर दारात उभी होती. चेहरा गंभीर, डोळे हसणारे.

"का? मला आता कुठली मुलं व्हायचीत?" मी म्हणाले. मग काखेतलं बसकर काढून तिच्यापुढे धरलं. "तुझ्यासाठी शिवलंय."

तिने ते हातात घेतलं, ठिगळांवरून बोटं फिरवली आणि खाली येऊन माझ्या शेजारीच पायरीवर पसरलं. "आज तुम्ही बसा. माझी बैठक आज उशिरा आहे." दोघी त्यावर दाटीवाटीने बसलो.

"यांना दारात कोणी बसवलं?" मी हळू विचारलं.

"आम्ही नाही. तेच येऊन म्हणाले, या धंद्यात मला एकच महिना झालाय, म्हणजे इथे सगळ्यात धाकटा मी. धाकट्याची जागा दाराशी. कुतमान तर रडायच्या बेतात आला होता. पण एजे, दाराशी बसले ना, की आशीर्वाद मागायला कोणी जात नाही. फक्त चहा मागतात. चहाला एक मिनिट लागतं."

मला हसू फुटलं, तेवढ्यात आतून, लॅपटॉपमधून, मिरासचा आवाज आला. आम्ही दोघी गप्प झालो.

"दोरोनबेक आगा, सहाही मोऱ्या बघितल्या. पाच ठीक आहेत. चौथीत मात्र उतार चुकलाय. तुमच्या नजरेतून सुटला."

मी साइकालचा हात घट्ट धरला.

"दाखव," हे म्हणाले. मग कागदांची खसखस. "हो. चुकलंय. माझीच चूक. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो."

"चालेल. आगा, आणखी एक. ही चूक मी आधी सांगायला कचरत होतो. आणि पुढच्या महिन्यापासून तिसरा कालवाही तुमच्याकडे देतोय. ते पारखणं वगैरे राहू द्या. ते संपलं."

हे एवढंच म्हणाले, "बरं. पण पुढच्या वेळी कचरू नकोस. चूक दिसली की त्याच दिवशी सांग."

मी पायरीवर बसून डोळे पुसले. साइकालने बघितलं, पण न बघितल्यासारखं केलं. शहाणी मुलगी आहे.

मग दार उघडलं. "झूरा, ये आत. पण आतल्या जागा भरल्यात हं, इथेच बसावं लागेल."

मी आत गेले. पोरांनी सलाम केला, दोघं अर्धवट उठले, यांनी हातानेच बसवलं. यांच्या शेजारी दारातच एक स्टूल होतं, मी त्यावर बसले. बोरसोक सगळ्यांना वाटले. आणि दाराशी बसल्यावर माझा हात आपोआप किटलीकडे गेला, जुनी सवय. यांनी किटली माझ्या हाताखालून सरकवून घेतली.

"आज नाही. इथे धाकटा मी आहे."

यांनी आधी कुतमानला ओतला, अर्धी वाटी. साइकालला, अर्धी वाटी. हात आता सरावलेला होता, थेंब सांडला नाही. मग शेवटची वाटी सरळ केली, माझ्यासाठी, आणि ओतत राहिले, ओतत राहिले, पार काठापर्यंत.

साइकाल तोंडावर हात धरून हसायला लागली. कुतमान घाबरून म्हणाला, "बायके, काठोकाठ?"

"मला चौथी मोरी दुरुस्त करायचीय," हे माझ्याकडे बघत म्हणाले.

चौतीस वर्षांत माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा चहा ओतून दिला, आणि तो असा. मी वाटी दोन्ही हातांत धरली, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले, आणि घरी निघाले.